तुझ्या वहीतलं माझं पाऊल

पास्कू, तुझ्या परसात खणायला माणसं मी पाठवली होती.

हे वाक्य मी पाच वर्षं तुझ्यासमोर सुरू करत आलो. कधी 'तुला एक सांगायचं होतं' म्हणून, कधी 'रागावणार नसलास तर' म्हणून. प्रत्येक वेळी ते मध्येच वळलं आणि मी तुला विचारलं, आज बांगडा लागला का, किंवा तुझ्या बायकोचा, रोझालीनचा खोकला कसा आहे. आता तू ऐकायला नाहीस, तर वाक्य एका दमात आलं. याचाही मला संशय येतो. ज्याला ऐकू जात नाही त्याच्यापुढे खरं बोलायला धैर्य लागत नाही. तेव्हा हे लिहिलं म्हणजे मी सुटलो, असं तू समजू नकोस. मीही समजत नाही.

तुला जाऊन पस्तीस दिवस झाले. आपल्या दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा कमरेएवढाच आहे, पण या पस्तीस दिवसांत मी त्याच्याकडे पाठ करूनच वावरतो. सकाळी तू त्याच्यावर हात ठेवून हाक मारायचास, "मास्तर, उठलंस काय सूर्यान उठवल्यान?" ती हाक गेली तरी माझे पाय त्याच वेळेला खाली उतरतात. चप्पल शोधतात. मग आठवतं.

मी मूळचा चालणारा माणूस नव्हे, हे तुला ठाऊक आहे. कसालच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचं, मोटरसायकलवरून जायचं-यायचं, रविवारी चर्चमध्ये, आपल्या इगर्जीत, तुझ्या शेजारी बसून मिसेची प्रार्थना ऐकायची, एवढंच माझं जग. कसालच्या त्या वळणावर पडलो, डावा पाय मोडला, बरा झाला तरी ओढतच राहिला. डॉक्टरांनी वाळूत चालायला सांगितलं. तू तर रोजच पहाटे समुद्राकाठच्या पुळणीवर जायचास. गावच्या कासव समितीने घरट्यांची राखण तुला दिली होती. म्हणून मी तुझ्याबरोबर आलो. पायासाठी आलो आणि तू मला वाचायला शिकवलंस.

पहिल्या दिवशीचं तुला आठवतं का? पाण्यापासून माडांपर्यंत गेलेला तो रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना कोरल्यासारख्या खाचा. तू विचारलंस, "काय दिसता?"

"ट्रॅक्टर गेल्यासारखा दिसता."

"ट्रॅक्टर दर्यातसून इलो, वायच बसलो आणि परत दर्यात गेलो? पोरांका काय शिकवतंस रे तू?"

मग तू पट्ट्याच्या कडेने चालत मला दाखवलंस. इथे ती थांबली. इथे तिला जागा पसंत पडली नाही. इथे खणलं. ही इकडे उडालेली वाळू तिने खड्डा बुजवून वरून सारवासारव केली त्याची. तू बोलत होतास तसतशी ती कासवीण मला दिसत गेली. समुद्राकडे बघितलं तर समुद्र रिकामा होता.

"तू तिका बघलंस?" तू विचारलंस.

"नाय."

"मगे ती येवन गेली ह्यां कशावरसून म्हणतंस?"

"खुणेवरसून."

तू हात वर केलास आणि तो समुद्रावरून, माडांवरून, उजळत आलेल्या आभाळावरून सावकाश फिरवलास. "मगे हेच्यावरसून कित्याक म्हणना नाय?"

मी लगेच सावध झालो. मला ही युक्ती वाटली. तू मला कासवासाठी आणलं नव्हतंस, देवासाठी आणलं होतंस, असं वाटून मला थोडा रागही आला. आपण दोघे एकाच पाण्याने बाप्तिस्मा झालेले, पण मला माझा देव इगर्जीच्या भिंतीआड बरा वाटायचा. बाहेर, जिथे मी मुलांना भरती-ओहोटीची कारणं शिकवतो, तिथे त्याने हिंडू नये असं माझं मत होतं. दुसऱ्या दिवशी मी उत्तर तयार करून आलो.

"कासव मी आधी बघलेला आसा," मी म्हणालो. "म्हणान तेची खूण वळाखतंय. जग करणारो कोणी बघलोहा? न बघलेल्याची खूण तू कशी वळाखतंस?"

उत्तराऐवजी तू काठीने एका घरट्याभोवती वर्तुळ ओढलंस. मी जिंकलो असं मला वाटलं. परतताना, घर जवळ आल्यावर, तू म्हणालास, "तू म्हणतंस ता बरोबर आसा. वळखीचो नसलो तर पाऊल वळकाक येना नाय. पण आंतोन, आपल्याकडे तो येवन गेललो आसा मा? तेतीस वर्सा ह्या मातयेर चललो. तेची चाल माका म्हायत आसा. रोगी माणसाक कसो हात लावल्यान, पोरांका कसो जवळ घेतल्यान, मारणाऱ्यांका काय म्हणालो. ती चाल वळखीची झाली, म्हणान बाकीची पावला वळाखतंय. नुसत्या दर्याकडे बघून माका पण काय कळाचा नाय."

मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं, आणि पाड्यावरच्या शाळेतून सातवीला बाहेर पडलेल्या माणसाने मला हे सांगितलं. तेव्हा मी फक्त "बघूया" म्हणालो. विषय बदलायला तू माझ्या पावलांकडे बोट दाखवलंस. उजवं पाऊल नीट, आणि डाव्याच्या मागे टाचेची ओढलेली रेघ. "बग, तुझो पाय कासवासारखो घसटता. तुझी चाल कोणय वळाखतलो. तू कधी चोरी करू नको हां मास्तर. पयलो तूच गावतलंस."

आपण हसलो होतो.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर बारके खेकडे गोळ्या टाकून नक्षी काढतात, तिच्यावरून तू कधी चालला नाहीस. वळसा घालायचास. मी एकदा सरळ गेलो तर तू ओरडलास, "इगर्जीत फुला घातलेली आसतत तेंच्यार पाय देतंस?" मी म्हटलं, अरे, ती खाऊन टाकलेली वाळू आहे. तू म्हणालास, "आसांदे. दर भरतेक पुसता आणि तो परत काढता. तुझी पोरा एकदा पुसलेला गणित परत करतत काय?" मला हसू आलं, पण मी वळसा घातला नाही. मी मुद्दामच घातला नाही.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतो की त्या वर्षी मी तुझ्याशी जे केलं ते तूच शिकवलेल्या विद्येने केलं.

त्या हिवाळ्यात समुद्र पुळण खात होता. घरट्यांभोवती कुंपण घालायची समितीची जाळी आज येणार, उद्या येणार असं चाललं होतं. तू काळजीत होतास, आणि मग एकाएकी काळजीत दिसेनासा झालास. मला म्हणालास, "चार दीस येव नको. तुझो पाय सुजलोहा." माझा पाय सुजला नव्हता. मी एकटाच गेलो, थोडा उशिराने. घरट्याची काठी उपटलेली, खड्डा उघडा, आत एकही अंडं नाही. कोल्ह्याची पावलं नाहीत, कुत्र्याची नाहीत. माणसाची होती. तुझी, अनवाणी, उजव्या पायाचं मधलं बोट तुटकं. जाताना हलकी, परतताना जड. माडांतून थेट तुझ्या मागच्या दारापर्यंत.

मी घाई केली नाही. मला ते सांगायला हवं, कारण घाईत केलं असतं तर ते थोडं माफ झालं असतं. मी तीन सकाळी बघितलं. तिन्ही वेळा तेच. ओल्या गोणपाटाने झाकलेली बादली दिसली. रोझालीनने मला परसात येऊ दिलं नाही, म्हणाली कपडे वाळत आहेत, आणि दोरी रिकामी होती. मला तुझा बाप आठवला. आपल्या लहानपणी तो अंडी बाजाराला न्यायचा आणि उरलेली आपल्याला उकडून द्यायचा. तू आणि मी दोघांनीही खाल्लेली. माझ्या तोंडात ती चव तितकीच होती, पण रक्त मला फक्त तुझंच आठवलं. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष. फळ्यावर लिहितो त्याच क्रमाने मी तुझ्यापर्यंत पोचलो. आणि मला आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. तिसऱ्या सकाळी गडग्याजवळ उभा राहून तुला वाळू सारखी करताना बघत होतो तेव्हा मला दुःख झालं नाही. मला बरं वाटलं. ज्याला झाडाझाडात देव दिसतो त्याच्या बादलीत काय आहे हे मला कळलं होतं.

मी तिथून थेट अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णा समितीचे अध्यक्ष. कणकवलीच्या एसटीने येणाऱ्या पेपरांची वाट बघत बाकावर चारजण बसले होते. मी बसलो नाही. काउंटरवर वाकून म्हणालो, "पास्कूचा परस बघा." आणि मग, "माझा नाव नको."

अण्णांनी माझं नाव खरंच कुणाला सांगितलं नाही.

तू होडीवर होतास. समितीची माणसं गेली, खणलं, तीन ठिकाणची अंडी निघाली. मी गडग्याच्या अलीकडे उभा होतो. ती गोणीत भरताना मला एक अंडं अगदी जवळून दिसलं. त्याच्यावर पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. सगळ्यांवर होता. मला काय वाटलं असेल, सांग. मला वाटलं, विकायला मोजून ठेवलीत.

मग तू धावत आलास, कमरेपर्यंत भिजलेला. तू 'मी चोर नाही' असं म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "उलटी करू नकात. अरे, ठिपको वर रवांदे. ठिपको वर." कुणीतरी हसलं. गोणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. तू गुडघ्यांवर बसलास आणि हाताने हवेतच दाखवत राहिलास, अशी, अशी ठेवा.

दुपारी आलेल्या वनरक्षकाने ठिपक्याचा अर्थ सांगितला. घातल्यावर काही तासांनी आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून हलवताना वरची बाजू खूण करून ठेवायची असते. तू समुद्राच्या तोंडातून काढून ती अंडी आपल्या परसात, तेवढ्याच खोलीवर, तेवढ्याच ओलाव्यात पुरली होतीस. परवानगी घेतली नव्हतीस, एवढाच तुझा गुन्हा, आणि त्याबद्दल तुला दोन शब्द ऐकावे लागले. अंडी पुन्हा पुरली. दिवस भरले. वाळू हलली नाही. एकही पिल्लू वर आलं नाही. मी रोज बघायला जात होतो, पास्कू. माझ्या एका वाक्याने किती जीव गेले, हे वर्गात कधी न शिकवलेलं गणित रोज मनात करत होतो.

समितीने राखण तुझ्याकडून काढून घेतली. वनरक्षकाचं बोलणं चारजणांनी ऐकलं होतं आणि गोणी साऱ्या गावाने बघितली होती. त्या आठवड्यातच तुला नाव पडलं, अंडेवालो. तू त्या नावाला 'ओ' द्यायला लागलास, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

एका संध्याकाळी तू गडग्यावर हात ठेवून उभा होतास. मी विचारलं, "माका कित्याक नाय सांगलंस?"

"तुका खोटा बोलूक येना नाय म्हणान. कोणी इचारला असता तर तू सांगून मोकळो झालो असतंस, आणि मगे रातभर निजलो नसतंस. माझ्यापायी तुका ताप कित्याक?" मग तू विचारलंस, "कोणी सांगला असात रे?"

"लोकांचा काय," मी म्हणालो. "लोक बघत आसतत."

तू माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. तू खाली, माझ्या पायांकडे बघत होतास. मला तेव्हा संशय यायला हवा होता. मी आयुष्यभर नको तिथे संशय घेतला आणि जिथे घ्यायचा तिथे डोळे मिटले.

ईस्टरच्या आधीच्या चाळिशीच्या उपासांत मी पापाची कबुली द्यायला, कुमसाराला गेलो. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "देवाला सांगितलंस, बरं केलंस. आता ज्याचं केलंस त्याला सांग." मी हो म्हटलं. पापाची क्षमा घेतली आणि बाहेर आलो. त्या फादरची बदली झाली. नव्या फादरना काही ठाऊक नव्हतं. दर रविवारी मिसेत शांती द्यायची वेळ आली की आपण एकमेकांकडे वळून हात जोडायचो. तू जरा जास्त वेळ हात जोडलेले ठेवायचास. मी आधी वळून समोर बघायचो.

पुढे तू राखणदार नसतानाही पुळणीवर जात राहिलास आणि मी तुझ्याबरोबर येत राहिलो. आपले वाद चालू राहिले. फक्त माझे वाद आता सरळ नव्हते. एकदा कावळ्याने फोडलेलं पिल्लू पडलं होतं. मी म्हणालो, "शंभर करूची आणि दोन जगवची. ह्यांच काय तुझ्या देवाचा काम? आणि ती परसातली अंडी मेली तेव्हा खंय होतो तो?"

मी हे का विचारलं ते तुला आज सांगतो. माझ्या खांद्यावरची गोणी मी देवाच्या खांद्यावर टाकू बघत होतो.

तू ते पिल्लू उचललंस. "परसातली अंडी देवान उलटी करूक नाय," एवढंच म्हणालास. मग तू त्या पिल्लासाठी हाताने खड्डा केलास. "हेचा काय ता माका पण कळना नाय. माका राग येता. पण राग येता तो खंयसून येता, सांग? ह्यां आसा होवचा नाय होता, आसा आतून कोण म्हणता? आणि आंतोन, जेचो देव खिळे मारून खुरसार टांगललो आसा, तेका मेलेला पिल्लू दाखवन भिवडावतंस काय रे?"

मी वाकून त्या खड्ड्यावर वाळू लोटली.

तू गेलास त्या सकाळी मी आलो नव्हतो. परीक्षेचे पेपर तपासायचे होते. रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी हाक मारली तेव्हा धावलो. तुला उचलल्यावर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मी तुझी पावलं वाचली. घरट्यापर्यंत गेलेली, काठी नीट रोवलेली, खेकड्यांच्या नक्षीला वळसा. मग एका जागी थांबलेली. मग बसल्याची खूण. धडपडल्याची नव्हती. माणूस दमून समुद्राकडे तोंड करून बसतो तशी. मला त्यातून धीर घ्यायचा होता, आणि घेताना वाटलं, मी पुन्हा मला हवं तेच वाचत नाही ना?

मातीच्या दिवशी इगर्जीच्या पायरीवर कुणीतरी कुणाला विचारलं, "कोण गेलो?"

"अंडेवालो पास्कू."

वाईट बुद्धीने नव्हे. तेच तुझं नाव होतं. मी शेजारी उभा होतो, आणि तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुळणीवर नव्या कासवाचा पट्टा दिसला, तुझ्या बसल्या जागेपासून चार पावलांवर. क्षणभर मला वाटलं, ही तुझी निशाणी. लगेच मी स्वतःला झिडकारलं. निशाणी मागायचा मला काय अधिकार?

आठव्या दिवशी रोझालीनने गडग्यावरून मला तुझी वही दिली. तुझी ती निळी वही, जिच्यात तू रोज सकाळची पावलं काढायचास: कासव, कोल्हा, घार, माणसं. "बघा मास्तर," ती म्हणाली, "तुमी वाचूक शिकलात मा." तिच्या आवाजात माया नव्हती.

मला पान शोधावं लागलं नाही. दिवस मला पाठ होता. पेन्सिलीने काढलेली दोन पावलं. एक नीट, एकाच्या टाचेमागे रेघ. बाजूला तुझं अक्षर: 'आंतोन. गडग्याक बराच येळ उभो. मगे दुकानाकडे.' आणि सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत, एकच शब्द.

'सांगतलो.'

आंतोन सांगेल. आणि मी काय केलं असेल? मी ते पान उन्हात धरलं. पेन्सिल तीच आहे का, हा शब्द नंतर कुणी लिहिलेला तर नाही ना, हे मागच्या-पुढच्या पानांशी ताडून बघितलं. तुझ्या क्षमेचीही मी तपासणी केली, पास्कू. ती खरी निघाली.

"तेका म्हायत होता?" मी रोझालीनला विचारलं.

"त्याच दिसाक."

"मगे बोललो कित्याक नाय?"

"मी पण इचारलंय. म्हणालो, कासवीण आपणान वर येता, तिका ओढून हाडूची नसता. दर पास्काच्या फेस्ताक, ईस्टराक, म्हणायचो, ह्या वर्सा आंतोन सांगतलो बग." तिने पदराने गडग्यावरची पानं झाडली. "पाच पास्का झाली."

"रोझालीन, मी—"

"माका सांगा नकात. मी अजून तुमका माफ करूक नाय. तेचा काळीज येगळा, माझा येगळा. तुमी जंय सांगलात थंय जावन सांगा."

त्या दिवसापासून मी वही उशाशी ठेवतो आणि विचार करतो. सगळी पावलं खरी होती. तुझी जड पावलं खरी, बादली खरी, ठिपके खरे. माझा एकही पुरावा खोटा नव्हता आणि मी ठार चुकलो. तू माझं एकच पाऊल बघितलंस आणि मी काय केलं ते तर वाचलंसच, मी एक दिवस काय करीन तेही वाचलंस. मी गुन्हा शोधणाऱ्यासारखा बघत होतो. तू ओळखीच्या माणसासारखा बघत होतास. दर्याकडे, खेकड्यांच्या नक्षीकडे, कावळ्याने फोडलेल्या पिल्लाकडेही तू असाच बघायचास, हे मला आता कळतं.

तुझ्यासारखं समुद्राकडे हात करून 'तो येऊन गेला' असं म्हणणं मला अजून जमत नाही. मी संशयी आहे आणि बहुधा संशयीच मरेन. पण एक मी बघितलं आहे. पाच वर्षं माझ्याकडून नागवलेला एक माणूस दर रविवारी माझ्यापुढे हात जोडत होता, आणि मी सांगेन म्हणून वाट बघत होता. ही चाल तुझ्या बापाची नव्हती. या गावातल्या कुणाचीच नव्हे. तू कुणाच्या तरी पावलात पाऊल टाकत होतास. तो कोण, हे तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. माडांवरून, आभाळावरून नसेल, पण तुझ्यावरून मी ते मान्य करतो. वाद इथे माझ्याकडून संपला.

काल सकाळी मी अण्णांच्या दुकानात गेलो. बाकावर पाचजण होते. अण्णा म्हणाले, "बसा मास्तर. एसटी अजून येवक नाय."

"बसना नाय. वायच सांगूचा आसा."

त्यांना कळलं. ते काउंटरवरून वाकले आणि हळू म्हणाले, "आता कित्याक? माझ्या तोंडातसून पाच वर्सात शब्द भायर पडाक नाय. पडाचो पण नाय."

"म्हायत आसा, अण्णानू. म्हणान माका सांगूक होया."

मी बाकाकडे वळलो आणि सगळं सांगितलं. काठी, बादली, ठिपके, गडगा, हे दुकान. ठिपका कशासाठी असतो ते दोनदा सांगितलं, वर्गात सांगतो तसं. शेवटी एकाने विचारलं, "म्हणजे अंडेवालो—"

"तेका अंडेवालो म्हणू नकात. तेचा नाव पास्कू."

"बरा, पास्कू. पण मास्तर, तो गेल्यार सांगून तेका काय गावला?"

"काय एक नाय," मी म्हणालो. "तो होतो तेव्हाच सांगूचा होता."

एसटी आली. पेपरांचा गठ्ठा पडला. कुणी उठलं नाही. दुकानाच्या दारातून इगर्जीचा क्रूस दिसतो आणि त्याच्यामागे तू आहेस तो वाळूचा तुकडा. मी तिकडे तोंड केलं. पाचजण आणि अण्णा ऐकत होते. रोझालीन मीठ घ्यायला आली होती आणि पायरीवरच थांबली होती, हे मला नंतर कळलं. जे वाक्य पाच वर्षं अर्ध्यावर वळत होतं ते मी आपल्या भाषेत, मोठ्याने म्हटलं.

"पास्कू, तुझ्या परसात माणसा मी धाडलंय. तू चोर नाय होतंस. अंडी माझ्या तोंडामुळे मेली आणि तुझा नाव पण. तू वाट बघलंस आणि मी येवक नाय. माका माफ कर."